ज्येष्ठ बंधू योजना आणि मोठ्या बाबूंची वांगी

"चारीचे चारी पास झाले," रंगराव म्हणाला, "तं म्या भर बाजारात गळ्यात टाय बांधून वांगे विकीन."

"अन् एक जरी नापास झाला," मोठे बाबू म्हणाले, "तं मी तुझ्या गोणपाटावर बसून तुझे वांगे विकीन. वरडून."

एवढं बोलणं झालं आणि गुलाबराव टेलरच्या ओट्यावर बसलेली सात माणसं एकदम सरसावून बसली. गुलाबरावानं मशीनवरचा पाय थांबवला. कारण रंगरावाचं बोलणं हे नुसतं बोलणं होतं, पण मोठे बाबू बोलले म्हणजे तो आदेश झाला. तो मागं घ्यायचा तर वरून मंजुरी आणावी लागते.

मोठे बाबू म्हणजे महादेवराव. कचेरीत हेडक्लार्क. अख्ख्या जळगाव जामोदात त्यांना नुसत्या नावानं हाक मारणारा एकच माणूस होता, तो म्हणजे साहेब, आणि तोही चिडला तरच. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, खिशाला दोन पेनं. एक लिहायला आणि दुसरं कुणी मागितलं तर द्यायला. दुसऱ्यात शाई नसायची. त्यांच्या टेबलावर आलेला कागद आढीत घातलेल्या आंब्यासारखा असायचा. पिकल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम होता.

आता हे चार कोण आणि पास कशात व्हायचे, ते सांगतो. गावात कॉलेज निघून तीन वर्षं होत आली होती. महाराष्ट्र राज्यही तेवढंच जुनं. दोघांनाही अजून धरल्याशिवाय चालता येत नव्हतं. त्यात कॉलेजला नवे प्रिन्सिपल आले, ते पुण्याचे. खेड्यातून आलेली पोरं पहिल्या वर्षाला बावरतात, कुणाला वर्ग सापडत नाही, कुणाला घरची आठवण येते, आणि दसऱ्याच्या आत निम्मी पोरं गाठोडं बांधून परत जातात, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी योजना काढली. प्रत्येक जुन्या विद्यार्थ्यानं चार नवे विद्यार्थी सांभाळायचे. त्यांना वाट दाखवायची, धीर द्यायचा. नाव दिलं, ज्येष्ठ बंधू योजना.

योजना झकास. पण तीन वर्षांच्या कॉलेजात जुने विद्यार्थी आणायचे कुठून? शोधता शोधता सगळ्यात जुना निघाला सहदेव, म्हणजे मोठ्या बाबूंचा मुलगा. कॉलेज आणि सहदेव एकाच दिवशी सुरू झाले होते. त्यानं पहिल्या वर्षात दोन वर्षं काढली आणि आत्ता कुठं दुसऱ्या वर्षाला लागला होता. लोक याला नापास होणं म्हणत. मोठे बाबू याला अनुभव म्हणत.

"पहिल्या वर्षाचा त्याच्याएवढा अनुभव," ते ओट्यावर सांगत, "खुद्द प्रिन्सिपल साहेबाले बी नाही."

सहदेवच्या वाट्याला सातपुड्याच्या पायथ्याची तीन पोरं आली, त्यातला एक उकंडा. आणि चौथी रुख्मिणी, रंगरावाची मुलगी. रंगराव राहायचा समोरच. नाल्याकाठी भाजीची वाडी, आणि वांगी अशी की बाजारात दुपार व्हायच्या आत गोणपाट झटकून घरी. रुख्मिणी मॅट्रिक झाली तेव्हा तिला कॉलेजात घातलं ते रंगरावाची विधवा बहीण गोजरबाई भांडली म्हणून. पण रंगरावानं अट घातली होती आणि ती सगळ्या गल्लीला माहीत होती. दिवाळीच्या आधीची सहामाही पास झाली तर पुढं शिकायचं. नापास झाली तर धामणगाव बढ्याचं स्थळ तयार आहे, तुळशीचं लग्न झालं की हिचं. पोरगी त्या दिवसापासून पुस्तकातून मान वर काढत नव्हती.

"पोट्टी हुशार हाये, बाबू," रंगराव त्या संध्याकाळी ओट्यावर म्हणाला होता. "पन तुमचा सहदेव तिले वाट दाखवन, तं थे वाट सरळ धामणगाव बढ्यालेच जाईन."

सगळे हसले. मोठ्या बाबूंच्या कोटाच्या आत काहीतरी फाटलं. मग झाली ती पैज.

मोठ्या बाबूंनी लगेच घरून फुलस्केप कागद आणला. तोंडी गोष्ट त्यांना कळतच नसे. "लिहून देनार अमुक, लिहून घेनार तमुक" असं सुरू करून ते चारांची नावं घालायला लागले आणि मध्येच थांबले.

"चार काऊन? पाच लिहितो. सहदेवचं नाव आधी. गटात पाच हायेत, पाची पास होतीन."

"राहू द्या ना, बाबू," गुलाबराव म्हणाला. तो भला माणूस. "सहदेवले काऊन मधात घालता?"

"काऊन म्हंजे? माझा पोरगा काय नापास होनार हाये का?"

या प्रश्नाचं उत्तर ओट्यावरच्या सातही माणसांना ठाऊक होतं, पण कुणी दिलं नाही. रंगरावानं अंगठा नाही, सही केली. वळणदार सही. मोठ्या बाबूंना ते जरा खटकलंच.

झालं. दुसऱ्या दिवसापासून सहदेव एकटा ज्येष्ठ बंधू राहिला नाही. घरात दोन झाले.

आधी गुलाबरावानं सल्ला दिला की वाट दाखवणाऱ्याचा पोशाख निराळा पाहिजे, नाहीतर पोरं ऐकत नाहीत. मोठ्या बाबूंचा जुना कोट उसवून त्यानं सहदेवला कोट शिवला आणि छातीवर लाल दोऱ्यानं विणून दिलं, "ज्येष्ठ बंधू". आश्विनाच्या उन्हात सहदेव तो घालून निघाला की एस.टी. स्टँडवरचे हमाल त्याला उठून जागा देत. समोरच्या सत्यभामाबाईनं सांगितलं, पोरांना रोज खसखशीची खीर द्या, डोकं चालतं. दोन दिवस दिली. पोरं ओसरीवरच झोपली.

मग मोठ्या बाबूंनी कारभार हातात घेतला. रोज संध्याकाळी पाच ते सहा, ओसरीवर, सतरंजी. दाराशी पाटी. शंका तोंडी विचारायची नाही. शंकेचा अर्ज करायचा. अर्ज आला की आवक रजिस्टरात नोंद, मग सहदेवचा शेरा, मग मोठ्या बाबूंची सही, मग जावक रजिस्टरात नोंद आणि मग उत्तर.

उकंडाचा पहिला अर्ज होता, कॉलेजात मुतारी कुठं आहे. डोंगराकडचं पोरगं, मास्तरला विचारायची लाज. अर्जाला नंबर पडला. सहदेवनं शेरा मारला, "माहिती आहे, सांगावे काय?" मोठ्या बाबूंनी खाली लिहिलं, "प्रकरण तपासून सादर करावे." उत्तर निघालं आठव्या दिवशी, नकाशासकट. आठ दिवस उकंडा मधल्या सुट्टीत नाल्यापर्यंत पळत जात होता आणि पळत येत होता. पुढं तो जिल्ह्याच्या शर्यतीत दुसरा आला. त्याचं श्रेय मोठे बाबू योजनेलाच द्यायचे.

रुख्मिणीचा प्रश्न होता, लायब्ररीतून पुस्तक कसं काढतात.

"उद्या ये, पोरी," मोठे बाबू म्हणाले. "आज रजिस्टर बंद झालं."

"काका, उद्या लायब्ररी बंद राह्यते."

"मंग परवा ये."

रुख्मिणी एकटी यायची नाही. तरण्या मुलानं तरण्या मुलीला वाट दाखवायची म्हटल्यावर गल्लीतल्या बायांनी पदर तोंडाला लावला होता. म्हणून सोबत गोजरबाई आत्या. ती बरोब्बर मध्ये बसायची, एका बाजूला सहदेव, दुसऱ्या बाजूला भाची, हातात अडकित्ता. सुपारी कातरता कातरता तिचं सगळं लक्ष शिकवण्याकडं.

सहदेव तर्कशास्त्र सांगायला लागला. "सर्व माणसं मर्त्य आहेत. रामराव माणूस आहे. म्हणून रामराव मर्त्य आहे."

अडकित्ता थांबला. "कोनता रामराव?"

"कोनताही, आत्या. उदाहरन हाये."

"गावात एकच रामराव हाये, अन् थो माहा दीर हाये. दिवाबत्तीच्या वख्ताले त्याचं मरन काऊन काढून राह्यला बे?"

दुसऱ्या दिवशी खुद्द रामराव आले. पंचायतीचे मेंबर, गुडघेदुखी सोडली तर ठणठणीत. म्हणाले, मले रोज पाच ते सहा मारता असं आयकलं. मोठ्या बाबूंनी दिलगिरीचं पत्र दिलं, जावक क्रमांक घातला आणि रामरावाच्या जागी स्वतःचं नाव लावायचा हुकूम काढला. मोठेपणा होता त्यात. पण आतून त्यांच्या पत्नी मंजुळाबाई बाहेर आल्या.

"आयकलं का? माह्या घरात, माह्या पोरानं, तुमच्या नावानं हे वाक्य म्हनाचं नाही. नाहीतं सतरंजी उचलते."

मग मर्त्य कुणाला करायचं यावर तीन दिवस गेले. गल्लीतला एकही माणूस मरायला तयार होईना. शेवटी गोजरबाईनंच तोड काढली. "सगळ्या वांग्याले देठ असते. हे वांगं हाये. म्हून याले देठ हाये. घ्या. कोनाले काही दुखन का?" रुख्मिणीनं ते वहीत लिहून घेतलं. उकंडाला तर्कशास्त्र त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

खरी गंमत इथंच होती, पण ती मोठ्या बाबूंना दिसली नाही. रजिस्टर भरेपर्यंत चौघांना सतरंजीवर ताटकळत बसावं लागे. नुसतं बसून करायचं काय? रुख्मिणी वाचून दाखवायची, उकंडा गणितं सोडवायचा, बाकीचे दोघं एकमेकांची उजळणी घ्यायचे, आणि चुकलं की गोजरबाई अडकित्ता वाजवायची. लायब्ररीचं कोडं रुख्मिणीनं स्वतः जाऊन सोडवलं आणि तिघांना शिकवलं. मेसवाला पातळ वरण देतो तेव्हा काय बोलायचं ते उकंडानं शोधून काढलं आणि सगळ्यांना सांगितलं. उकंडाला एकदा घरची फार आठवण आली. कपाशीची वेचणी लागली होती, माय एकटी होती, आणि तो पेटी भरून बसला. रुख्मिणी त्याला म्हणाली, "तू गेला तं मले गणित कोन सांगन बे? म्या नापास झाली तं धामणगावले जाईन. मंग लग्नात तूच वाढजो पंगतीले." पेटी परत उघडली. त्या शंकेचा अर्ज मात्र आवक रजिस्टरात कुठंच सापडत नाही.

आणि ज्येष्ठ बंधू?

"बाबा, मले जरा माह्यं वाचाचं हाये."

"आधी साप्ताहिक गोषवारा."

"सहामाही मले बी हाये, बाबा."

"तुले कायची काळजी? तू तं मार्गदर्शक हायेस. तीन प्रती काढ. कार्बन नीट लाव."

सहदेव कार्बन लावत राहिला. कॉलेजातही जाणं कमी झालं, कारण प्रिन्सिपलना गोषवारा भारी आवडला आणि ते दर आठवड्याला नवीन रकाना वाढवून मागू लागले. पोरगं कुरकुरलं नाही. कोट घालून, घामाघूम होऊन, लोकांच्या प्रगतीचे आकडे लिहीत राहिलं. चौकात हात दाखवत उभ्या राहिलेल्या शिपायाच्या समोरून सगळ्या गाड्या निघून जातात, तसं झालं त्याचं.

निकाल दिवाळीच्या आधी लागला. व्हरांड्यात दोन याद्या, एक पहिल्या वर्षाची, एक दुसऱ्या वर्षाची. मोठे बाबू खास अर्धी रजा टाकून आले. सोबत गुलाबराव, त्याच्या हातात कोटाच्या अस्तरातून शिवलेला निळा टाय. रंगराव आणि गोजरबाईही आले. मोठे बाबू पहिल्या यादीपाशी गेले. चष्मा पुसला. रुख्मिणी, पहिली. उकंडा, तिसरा. बाकीचे दोघं खाली होते, पण रेघेच्या वर होते.

मोठे बाबू वळले. अशा वेळी माणसानं थोडं थांबावं, पाणी प्यावं, दुसरी यादी वाचावी. पण वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या कागदावर शेरे मारलेला माणूस थांबत नाही. त्यांनी गुलाबरावाच्या हातातून टाय घेतला आणि सगळ्या कॉलेजसमोर रंगरावाच्या गळ्यात स्वतः बांधला. गाठ बैल बांधायची पडली, पण बांधला.

"मुंडी वर कर, रंगराव. साहेबासारखा दिस."

पोरं जमली. धोतर, बंडी, निळा टाय, अशा थाटात रंगराव सावकाश दुसऱ्या यादीपाशी गेला आणि एकेका नावावर बोट ठेवत खाली उतरू लागला. बोट यादीच्या शेवटपर्यंत गेलं. मग परत वर गेलं. मग पुन्हा खाली आलं.

"रुखमे," तो म्हणाला, "माह्या नजरेले दिसून नाही राह्यलं. पाह्य बरं, सहदेव कुठी हाये."

रुख्मिणीनं पाहिलं आणि मान खाली घातली. "नाही बाबा, यादीत."

गोजरबाई पुढं झाली. "सगळे पास झालेले यादीत हायेत," ती बोट मोजत म्हणाली. "सहदेव यादीत नाही. म्हून..."

"आत्या, राहू द्या," सहदेव म्हणाला. तो खांबाआड उभा होता. अंगावर कोट होताच.

रंगरावानं टाय सोडला, घडी घातली आणि मोठ्या बाबूंच्या हातात ठेवला. "घ्या. गिऱ्हाइकाले भारी वाटन."

मोठे बाबू त्या रात्री जेवले, हे मंजुळाबाईंनी नंतर शपथेवर सांगितलं, पण काय जेवले ते त्यांनाही कळलं नसावं. सकाळी उठून त्यांनी अर्ज लिहिला. सहदेवचा निकाल योजनेच्या कामामुळे बाधित झाला असल्यानं तो प्रलंबित समजावा. निकाल प्रलंबित तर पैजही प्रलंबित. कायद्यात बसत होतं. बाजाराला तीन दिवस होते.

प्रिन्सिपल साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "महादेवराव, आपला मुद्दा विचार करण्याजोगा आहे. परंतु विद्यार्थ्याचा कोणताही अर्ज त्याच्या ज्येष्ठ बंधूच्या शिफारशीनंच आला पाहिजे. हा नियम आपल्याच गोषवाऱ्यावरून आम्ही केला."

"पन सहदेवच तं ज्येष्ठ बंधू हाये, साहेब."

"होता. जे अनुत्तीर्ण झाले त्यांना आता अव्वल विद्यार्थ्यांच्या हाती सोपवलंय. सहदेवकडे पाहायला रुख्मिणी आहे. तिची सही आणा."

मोठे बाबू रंगरावाच्या दारात गेले. हेडक्लार्क झाल्यापासून ते कुणाच्या दारात अर्ज घेऊन गेले नव्हते, त्यामुळं हात कुठं ठेवायचे ते त्यांना उमगेना. रुख्मिणीनं अर्ज वाचला, नीट घडी केली, पुस्तकात ठेवला.

"आठ दिवसानं चौकशी करा, काका."

"पोरी, बाजार परवा हाये."

"पन प्रकरन तपासा लागन ना," ती म्हणाली. चेहरा असा गंभीर की मोठ्या बाबूंना क्षणभर आपली खुर्चीच समोर दिसली. "तुमी बसा. आत्या, काकाले पानी द्या."

रंगराव वांगी निवडत बसला होता. "बाबू, एक चांगली गोठ सांगतो. धामणगावले निरोप धाडला म्या. पोट्टी रिकामी नाही म्हनलं. तिच्यापाशी मोठ्या बाबूचा पोरगा शिकाले हाये."

बाजाराचा दिवस उजाडला. मोठे बाबू कोट-टोपी घालूनच गेले, कारण पैजेच्या कागदात पोशाखाबद्दल काही लिहिलं नव्हतं. गोणपाटावर मांडी घालून बसले. समोर काटेरी, जांभळ्या वांग्यांचा ढीग, बाजूला तागडी. आणि मग एक गंमत झाली. कोट-टोपीतला बाबू तागडीजवळ बसलेला पाहून बाजाराला वाटलं, वजनमापांची तपासणी आली. रांगेतल्या निम्म्या लोकांनी आपापली मापं पोत्याखाली सारली. मिरचीवाली जनकाबाई उठून नमस्कार करून गेली. कचेरीतला शिपाई भगवान थैली घेऊन आला, त्यानं मोठ्या बाबूंना पाहिलं आणि हात जोडून तिथंच उभा राहिला. त्याच्यामागं आणखी चौघं उभे राहिले. वांगं कुणी मागेना. सगळे हुकमाची वाट पाहत होते.

"वरडा, बाबू," मागून रंगराव म्हणाला. "कागदावर लिहेल हाये, वरडून."

मोठ्या बाबूंनी घसा खाकरला. "वांगी," ते म्हणाले, म्हणजे ओठ हलले. आवाज कोटाच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत आला आणि परत गेला. गुलाबराव टेलर आणि ओट्यावरची सातही माणसं समोर ओळीनं उभी होती. रामरावही गुडघे सांभाळत आले होते. मोठ्या बाबूंचे कान लाल झाले. चाळीस वर्षांत त्या माणसाला वरडावं लागलं नव्हतं, नुसतं पाहिलं की काम होत होतं.

रुख्मिणी गर्दीतून आली आणि गोणपाटाच्या कडेला बसली.

"काका, पहिल्या दिवशी सगळ्यायचं असंच होते," ती हळूच म्हणाली. "म्या आठ दिवस हजेरीले तोंड उघडलं नव्हतं. माह्या नावापुढं गैरहजर लागे, अन् म्या वर्गातच बसेल राहो. असं करा, लोकायकडं पाहूच नका. त्या लिंबाच्या झाडाकडं पाहा. पहिल्या खेपेले हसतीन. दुसऱ्या खेपेले गिऱ्हाईक येते."

"हसतीन म्हनतं?"

"हसतीन. पन मरत नाही, काका, मानूस."

मोठ्या बाबूंनी लिंबाकडं पाहिलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. "वांगे घ्या, वांगे," ते वरडले. आवाज फाटला, लोक हसले, सत्यभामाबाईनं पदरात तोंड घातलं. "रंगरावाच्या वाडीचे वांगे," ते पुन्हा वरडले, आणि या खेपेला आवाज मिरचीच्या रांगेपर्यंत गेला. शिपाई भगवाननं घाबरत घाबरत थैली पुढं केली.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि थैली घेऊन मंजुळाबाई आल्या. एक वांगं उचललं. उलटं करून पाहिलं. नखानं टोचलं.

"कसे देल्ले?"

मोठ्या बाबूंनी भाव सांगितला.

"महाग हायेत," मंजुळाबाई म्हणाल्या, वांगं ढिगावर टाकलं आणि पुढच्या दुकानाकडं निघाल्या.

मोठे बाबू बघत राहिले. मग कोटाचं वरचं बटण काढलं, गोणपाटावर उभे राहिले आणि सगळ्या बाजारानं मान वळवावी अशा आवाजात वरडले, "ओ बाई. इकडं या. तुमच्यासाठी कमी करतो."